डीबगची ओळ आणि तिचा अनोळखी वाचक

बडोद्याच्या कलाभवनात शिकणारी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली सुरू झालेलं हे कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यात जाते. तिथं विजेची मोजमापं घेणारं एक मीटर लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकाला जोडलेलं आहे, आणि मध्येच केव्हातरी त्याचे आकडे यायचे थांबतात. मीटरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, ती जागोजागी संदेश छापणाऱ्या ओळी घालते, छापून आलेलं वाचत बसते आणि शेवटी चूक पकडते. दुरुस्ती निघते जेमतेम सहा ओळींची. हा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कोडमध्ये आहे, त्यामुळे दुरुस्तीही तिथंच जावी म्हणून ती पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, पाठवते. चूक शोधताना घातलेल्या ओळींपैकी तीन मात्र ती पॅचमध्ये तशाच राहू देते. पुढं कोणाला तरी उपयोगी पडतील, हा तिचा साधा हिशेब.

दोन दिवसांनी कोडच्या त्या भागाचा सांभाळ करणाऱ्या, दुसऱ्या खंडातल्या मेंटेनरचं उत्तर येतं. दुरुस्तीबद्दल त्यात एक अक्षर नाही. चार शेरे आहेत आणि चारही त्या तीन ओळींबद्दल. हे संदेश ‘माहिती’ पातळीवर का? ‘फंक्शनमध्ये शिरलो’ ही ओळ काढा. दोन तुकड्यांत तोडलेला संदेश एका ओळीत आणा. आणि मेमरीतला हा पत्ता छापून कोणाला काय मिळणार आहे?

ही विद्यार्थिनी कल्पनेतली आहे. शेरे मात्र कल्पनेतले नाहीत. लिनक्स कर्नलला पहिलावहिला पॅच पाठवणाऱ्यांच्या वाट्याला हेच शेरे वर्षानुवर्षं येत आले आहेत. ते वाचून बहुतेकांची पहिली समजूत होते की आपलं काम नापसंत झालं. खरं तर अनेकदा उलटच असतं. दुरुस्ती पटली, म्हणून तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही. मेंटेनरकडे असे ढिगानं पॅच पडलेले असतात. जे बरोबर आहे त्यावर तो वेळ घालवत नाही. हे वागणं कोरडं आहे, आणि नवख्या माणसाला दोन शब्द कौतुकाचे लिहायला फारसा वेळ लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कोरडेपणाला नकार समजून पॅच सोडून दिला, तर नुकसान सगळ्यांचंच होतं.

मूळ दुरुस्तीपेक्षा छापायच्या ओळींवर एवढी चर्चा का व्हावी? याचं उत्तर कर्नलच्या इतिहासात आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. साधा प्रोग्रॅम बिघडला तर डीबगर लावून तो मध्येच थांबवता येतो, आत काय चाललंय ते एकेक पायरीनं पाहता येतं. कर्नल थांबवला तर सगळं यंत्रच थांबतं. शिवाय लिनक्सचे निर्माते लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचा कर्नलमध्ये डीबगर घालायलाच विरोध होता. २००० साली त्यांनी तो ठासून मांडला. डीबगर हाताशी असला की माणूस मुळाशी न जाता लक्षणावर मलमपट्टी करतो, आणि कोड नीट वाचून विचार करायची सवय सुटते, हा त्यांचा मुद्दा.

या वादात एक मराठी नाव येतं. दोन संगणक केबलनं जोडून एकावरून दुसऱ्याच्या कर्नलची तपासणी करू देणारा केजीडीबी नावाचा डीबगर अनेक वर्षं मूळ कर्नलच्या बाहेर, स्वतंत्र पॅचच्या रूपात जगत होता. त्या काळात त्याचा सांभाळ करणाऱ्यांपैकी एक प्रमुख नाव अमित एस. काळे यांचं, पुण्याच्या लिनसिससॉफ्ट या कंपनीतून ते हे काम करत. आज कर्नलच्या डीबगविषयक मुख्य फाईलच्या माथ्यावर त्यांचं नाव २००३-२००४ या वर्षांसह आहे. त्याच यादीत वर २०००-२००१ साठी व्हेरिटास या कंपनीचं नाव आहे. केजीडीबी अखेर मूळ कर्नलमध्ये गेला तो २.६.२६ या आवृत्तीत, जुलै २००८ मध्ये, जेसन वेसल आणि इतरांच्या प्रयत्नांनी. तोवर कोडची कितीदा फेरमांडणी झाली होती, कितीतरी हात त्यावरून फिरले होते. आक्षेपाला उत्तर देणं म्हणजे कधी कधी कोड अशा रीतीनं लिहून ठेवणं, की पुढच्या माणसाला तो मान्य करून घेता यावा.

केजीडीबी आला तरी मकरपुऱ्याच्या कारखान्यात त्याचा उपयोग नाही. चालू उत्पादन थांबवून कोण कर्नल तपासू देईल? तिथं साक्षीदार एकच, लॉग. यंत्रानं स्वतःबद्दल लिहून ठेवलेली ही टिपणं वाचणारा माणूस ड्रायव्हर लिहिणाऱ्याला कधी भेटणार नसतो. तो नंदेसरीच्या रसायन कारखान्यात रात्रपाळीला असेल किंवा ब्राझीलमध्ये असेल. त्याला कोड वाचता येईलच असंही नाही. समोरच्या ओळीतून त्याला ठरवायचं असतं, की घाबरायचं की दुर्लक्ष करायचं. मेंटेनरचे चारही शेरे या वाचकाच्या वतीनं केलेले आहेत. एवढं एक ध्यानात आलं की त्यांचा सूर बदलून ऐकू येतो.

आता शेरे एकेक करून पाहू.

पहिला पातळीचा. लिनक्समधल्या प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी गंभीरतेची पातळी असते. ० म्हणजे यंत्र कोसळलंच, ७ म्हणजे निव्वळ डीबग. ही आठ पायऱ्यांची उतरंड कर्नलची स्वतःची नाही. १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेलच्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग तयार केला, तिथून ती रूढ झाली. आपल्या विद्यार्थिनीनं संदेश सहाव्या पातळीवर ठेवले होते, म्हणजे ‘माहिती’. नेहमीच्या मांडणीत सहावी पातळी कन्सोलवर, म्हणजे यंत्राचे संदेश लगेच दिसतात तिथं, उमटते, सातवी उमटत नाही. फरक एका आकड्याचा, पण त्याचा परिणाम मोजून पाहता येतो. कारखान्यातल्या छोट्या संगणकाचा कन्सोल पुष्कळदा सीरियल तारेवर असतो आणि तिचा नेहमीचा वेग १,१५,२०० बॉड. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात. मीटर सेकंदाला पन्नास वाचनं देत असेल आणि प्रत्येक वाचनाला तीन ओळी छापल्या जात असतील, तर एका सेकंदाच्या ओळी छापायलाच एका सेकंदाहून जास्त वेळ लागेल! दुरुस्ती बरोबर, पण यंत्र मात्र छापत बसलेलं. विद्यार्थिनीच्या टेबलावर मीटर सेकंदाला एकदाच वाचत होतं, म्हणून तिला हे दिसलंच नाही.

डीबगच्या ओळी यंत्राचं वेळापत्रक बदलतात, हा मुद्दा जुना आहे. पाहायला गेलं की नाहीशी होणारी चूक संगणकवाल्यांच्या ओळखीची आहे. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये यंत्रं का बंद पडतात यावर लिहिताना तिला हायझेनबग म्हटलं, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून. छापायची ओळ घातली की दोन घटनांमधलं अंतर थोडं वाढतं आणि चूक दडते. ओळ काढली की परत हजर.

मग डीबगच्या ओळी घालूच नयेत का? घालाव्यात, पण झोपलेल्या. २००९ च्या सुमारास जेसन बॅरन यांच्या कामातून कर्नलला ‘डायनॅमिक डीबग’ मिळालं. सातव्या पातळीची प्रत्येक ओळ कोडमध्ये असते पण बंद. हवी ती ओळ, हव्या त्या फाईलमधली, यंत्र चालू असतानाच एका आज्ञेनं जागी करता येते. बंद असताना तिचा भार जवळजवळ शून्य असतो. म्हणून कर्नलच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात असा संकेत आहे, की नीट चालणारा ड्रायव्हर गप्प असतो. मला हा संकेत फार आवडतो. ड्रायव्हरनं सुरू होताच आपलं नाव, आवृत्ती आणि लेखकाचा पत्ता जाहीर करायची जुनी पद्धत आता मेंटेनर एकेक करून बंद करत आहेत, ते याच न्यायानं.

दुसरा शेरा ‘शिरलो’ आणि ‘बाहेर पडलो’ असं सांगणाऱ्या ओळींचा. त्यावर फार बोलायला नको. कोणतं फंक्शन केव्हा चाललं हे नोंदवायला २००८ पासून कर्नलमध्ये एफट्रेस आहे, स्टीव्हन रोस्टेट यांनी आणलेलं. तेच काम हातानं पुन्हा करायचं कारण नाही, आणि पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्टसुद्धा अशा ओळींवर बोट ठेवते. पाठवण्याआधी ती चालवली असती तर हा शेरा आलाच नसता.

तिसरा शेरा वरवर पाहता सगळ्यात क्षुल्लक, आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. कोडच्या ओळी फार लांब होऊ देऊ नयेत, असा कर्नलचा नियम आहे. अनेक वर्षं ऐंशी अक्षरांची मर्यादा काटेकोर होती, २०२० मध्ये चेकपॅचनं ती शंभरापर्यंत सैल केली. त्या नियमापायी विद्यार्थिनीनं संदेश दोन तुकड्यांत तोडला होता. पण छापायच्या संदेशाला या नियमातून जाणूनबुजून सूट आहे, मग ओळ कितीही लांब होवो. कारण रात्रपाळीतला तो माणूस लॉगमधलं वाक्य जसंच्या तसं उचलून कोडमध्ये शोधतो. वाक्य कोडमध्ये दोन तुकड्यांत तुटलं असेल तर शोध हाती काही लागू देत नाही. लिहिणाऱ्याच्या सोयीचा नियम वाचणाऱ्याच्या सोयीपुढे मागे सरतो, असं ठरवून लिहून ठेवलेलं उदाहरण मला फारसं दुसरीकडे दिसलेलं नाही.

चौथा शेरा पत्त्याचा, आणि तो सुरक्षिततेचा आहे. कर्नल मेमरीत कुठं बसला आहे हे हल्लेखोराला कळू नये म्हणून यंत्र सुरू होताना त्याची जागा मुद्दाम बदलली जाते. लॉगमध्ये एक पत्ता छापला गेला तरी ती सगळी मेहनत वाया जाऊ शकते. शेकडो ड्रायव्हर असे पत्ते छापत होते. प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत पत्ता छापण्याची नेहमीची खूणच बदलली. आता ती खऱ्या पत्त्याऐवजी त्यापासून काढलेली एक सांकेतिक संख्या छापते. मेंटेनरचा प्रश्न म्हणूनच नेमका होता. तो आकडा आता पत्ता म्हणून कोणाच्याच कामाचा नाही.

लॉगमध्ये नको ते गेल्यानं काय होतं, याची उदाहरणं कर्नलबाहेर अधिक ठळक आहेत. ३ मे २०१८ रोजी ट्विटरनं जाहीर केलं, की एका चुकीमुळे लोकांचे पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. सुमारे ३३ कोटी लोकांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा असं सांगावं लागलं. मुद्दाम केलेली फसवणूक यात नव्हती, लॉगमध्ये जायला नको ते गेलं होतं. आणि डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल ही त्रुटी उघड झाली. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये लॉग लिहिण्यासाठी लॉग४जे हे मुक्त स्रोत साधन वापरलं जातं. लॉग करायच्या मजकुरात विशिष्ट खूण आली की हे साधन ती नुसती न लिहिता तिचा अर्थ लावू लागे आणि दूरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवण्यापर्यंत मजल जाई. ही सुविधा त्यात २०१३ पासून होती, कोणाला तरी सोयीची वाटली म्हणून आलेली. अलिबाबाच्या सुरक्षा पथकातल्या चेन झाओजून यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये धोका कळवला. गंभीरतेच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. माईनक्राफ्ट खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. लॉग म्हणजे कोपऱ्यात पडलेली निरुपद्रवी वही, ही समजूत त्या महिन्यात कायमची मोडली.

शेऱ्यांमागची कारणं कळली. आता उत्तर कसं द्यायचं?

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इथं एक अडचण येते आणि ती तंत्राची नाही. शाळेपासून शेरा म्हणजे लाल शाई. शिक्षकांनी लिहिलं की मान खाली घालून ‘हो सर’ म्हणायचं आणि वही दुरुस्त करून आणायची. बडोद्यात काय नि पुण्यात काय, हेच वळण. त्यामुळे कोड रिव्ह्यूला दोनच प्रकारची उत्तरं जातात. एक म्हणजे गप्प राहून सगळं बदलून नवा पॅच पाठवणं. दुसरं म्हणजे काहीच न पाठवणं. कर्नलच्या मार्गदर्शिकेत दोन्हींना नकार आहे. शेऱ्याला उत्तर दिलंच पाहिजे, रिव्ह्यू करणाऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याकडे पुढं दुर्लक्ष होतं, असा तिचा स्पष्ट इशारा आहे. काय बदलणार आहात ते सांगा आणि त्यांच्या वेळेबद्दल आभार माना, हेही तिथंच सांगितलेलं आहे.

उत्तर प्रत्येक शेऱ्याच्या खाली, त्याच जागी लिहायचं. वर एक लांबलचक परिच्छेद आणि खाली न वाचलेलं मूळ पत्र, असं केलं की चौथ्या शेऱ्याचं काय झालं हे कोणालाच कळत नाही. आपली विद्यार्थिनी पहिल्या शेऱ्याखाली लिहील: बरोबर आहे, पन्नास वाचनांचा विचार मी केला नव्हता, पुढच्या आवृत्तीत डीबग पातळीवर नेते. दुसऱ्याखाली: काढते. तिसऱ्याखाली: एका ओळीत आणते. चौथ्याखाली: पत्त्याची गरज नाही, त्याऐवजी उपकरणाचं नाव आपोआप लागणारं रूप वापरते, म्हणजे दोन मीटर जोडलेले असले तरी संदेश कोणाचा ते कळेल. ‘सर’ नको, ‘मॅडम’ नको. या व्यवहारात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात आणि त्यात अनादर नसतो.

पण समजा पहिल्या शेऱ्यातला एक भाग तिला पटला नाही. तीनपैकी एक ओळ मीटरचं उत्तर अर्धवट आल्याचं सांगते. ती डीबगमध्ये गेली तर कारखान्यात कोणालाच दिसणार नाही आणि चुकीचे आकडे शांतपणे वहीत चढत राहतील. इथं ‘हो’ म्हणणं म्हणजे कामाशी बेइमानी. मेंटेनर अनुभवी असला तरी त्याच्या टेबलावर हे मीटर नाही. तिनं लिहावं: ही ओळ मी इशाऱ्याच्या पातळीवर ठेवू इच्छिते; अर्धवट उत्तर आलं की नंतरची मोजणी चुकते, त्याचा हा नमुना सोबत जोडते; तार खराब असेल तर संदेशांचा पूर येईल ही शंका रास्त आहे, म्हणून संख्येवर मर्यादा घालणारं रूप वापरलं आहे. कर्नलमध्ये असं रूप तयार आहे. नेहमीच्या मांडणीत ते पाच सेकंदांत दहा संदेशांपलीकडे जाऊ देत नाही. अशा उत्तरात मतभेद आहे, पुरावा आहे आणि समोरच्याची शंका आधीच मिटवलेली आहे. मला वाटतं, अनुभवी माणसं अशा एका परिच्छेदावरून लिहिणाऱ्याला कायमचं लक्षात ठेवतात.

मेंटेनरचा प्रश्न हा नेहमी आदेश नसतो, हेही उमजायला वेळ लागतो. ‘हे असं का?’ याचा अर्थ पुष्कळदा खरोखरच ‘हे असं का?’ एवढाच असतो. कारण सबळ असेल तर कोड बदलायचा नाही, कारण सांगायचं. मात्र ते फक्त उत्तराच्या पत्रात सांगून भागत नाही. एका जाणकाराला प्रश्न पडला म्हणजे पुढच्या दहांना पडणार; म्हणून ते कारण कोडमधल्या टिपेत किंवा पॅचच्या निवेदनात उतरवायचं, अशी मार्गदर्शिकेची सूचना आहे. या एका सूचनेनं रिव्ह्यूचं स्वरूप पालटतं. वाद संपतो आणि त्याचा निष्कर्ष पाच वर्षांनी ती ओळ उकरणाऱ्याच्या हाती पडतो.

नवी आवृत्ती पाठवताना शीर्षकात ‘व्ही २’ येतं. पॅचचं निवेदन संपल्यावर तीन आडव्या रेघांची एक खूण असते. तिच्या खाली पहिल्या आवृत्तीपासून काय बदललं ते लिहायचं. खुणेखालचा हा मजकूर इतिहासात जात नाही, फक्त रिव्ह्यू करणाऱ्यासाठी असतो. घाई नको. किमान आठवडाभर थांबून मगच आठवण करावी. ज्यानं पॅच नीट पाहून मान्य केला तो ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून आपलं नाव देतो. मकरपुऱ्यातल्या मीटरच्या सहा ओळी अशा रीतीनं दोन नावांनिशी जगभर जातात.

उत्तर देणं बिघडलं तर काय होतं, याचा धडा एप्रिल २०१४ मध्ये सगळ्यांनी उघड्यावर पाहिला. कर्नल सुरू करताना ‘डीबग’ हा शब्द दिला की कर्नल जास्त बोलू लागतो, ही जुनी सोय. सिस्टिमडी हा यंत्र सुरू करून देणारा प्रोग्रॅमही तोच शब्द वाचून बोलू लागला, आणि त्यानं कर्नलच्या लॉगमध्ये संदेशांचा एवढा लोंढा सोडला की यंत्र सुरूच होईना. कर्नलच्या बाजूच्या बोरिस्लाव पेटकोव्ह यांनी तक्रार नोंदवली. सिस्टिमडीचे केय सिव्हर्स यांनी हा दोषच नाही अशी भूमिका घेतली. सामान्य शब्दावर तो पहिल्यांदा वापरणाऱ्याची मालकी नसते, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण तक्रार शब्दाच्या मालकीची नव्हती, यंत्र सुरू होत नसल्याची होती. उत्तर दिलं गेलं ते भलत्याच प्रश्नाला. चिडलेल्या टॉर्व्हाल्ड्स यांनी यापुढे सिव्हर्स यांचा कोड घेणार नाही असं जाहीर केलं. रोस्टेट यांनी तर तो शब्द सिस्टिमडीपासून लपवण्याचाच पॅच मांडला. टॉर्व्हाल्ड्स यांची भाषा त्या काळी फार जहाल असे, आणि तिनं माणसं दुखावली जात होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ काम थांबवलं. कोडवरची टीका कठोर असायला माझी हरकत नाही; माणसावरच्या टीकेनं कोड सुधारल्याचं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. लोंढ्याचा प्रश्न सुटला तो शांतपणे. २०१६ मध्ये पेटकोव्ह यांनीच बाहेरच्या प्रोग्रॅमनी कर्नलच्या लॉगमध्ये किती लिहावं यावर मर्यादा घालणारी सोय आणली.

याच्या अगदी उलट उदाहरण कर्नलवर काम करणारे जॉन ओग्नेस यांचं आहे, आणि ते लॉगच्या मुळाशी जातं. लिनक्सला रिअल-टाईम करण्याचा, म्हणजे ठरलेल्या क्षणाच्या आत काम होईलच अशी हमी देणारा बनवण्याचा प्रयत्न सुमारे वीस वर्षं चालला होता. यंत्रमानव, कारखान्यातली नियंत्रणं, ध्वनिमुद्रण अशा कामांना ती हमी लागते. शेवटी मोठा अडथळा उरला तो प्रिंट-के, कर्नलमधलं संदेश छापणारं फंक्शन. वर केलेला सात मिलिसेकंदांचा हिशेब आठवा. एक ओळ सीरियल तारेवर ढकलताना प्रोसेसर अडकून राहत असेल, तर हमी कसली देणार? ओग्नेस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिला प्रस्ताव मांडला. पेट्र म्लादेक आणि सेर्गेई सेनोझात्स्की या प्रिंट-केच्या मेंटेनरांनी तो बारकाईनं तपासला. यंत्र कोसळत असताना शेवटचा संदेश बाहेर पडलाच पाहिजे, ही त्यांची चिंता; संदेश छापण्यापायी यंत्र अडकता कामा नये, ही ओग्नेस यांची. दोन्ही खऱ्या. त्याच वर्षी लिस्बनच्या परिषदेत सगळे समोरासमोर बसले आणि प्रस्तावाचे तुकडे पाडून पुढं जायचं ठरलं. संदेश साठवण्याची नवी, कुलूप न लागणारी रचना डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत गेली.

मग २०२२ मध्ये मोठी ठेच लागली. छपाईचं काम वेगळ्या धाग्यांकडे, म्हणजे समांतर चालणाऱ्या स्वतंत्र कामांकडे, देणारा भाग ५.१९ च्या तयारीत घेतला गेला, पण काही यंत्रं बंद पडताना शेवटचे संदेश गायब होऊ लागले. जूनमध्ये, आवृत्ती बाहेर पडण्याआधीच, म्लादेक यांनी तो सगळा भाग मागे घेतला. तीन वर्षांचं काम असं उचलून बाहेर ठेवलं जाणं कोणालाही जड जाईल. ओग्नेस यांनी पुढचे पॅच या तक्रारींच्या दिशेनं बांधले: संकटाच्या वेळी संदेश थेट बाहेर काढायचा, एरवी धाग्याकडे सोपवायचा, आणि कन्सोलवर ताबा कोणाचा हे काटेकोर ठरवायचं. मागे घेतलेल्या भागावरच्या प्रत्येक तक्रारीला नव्या रचनेत जागा होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या बैठकीत, या कामाचं नेतृत्व करणारे थॉमस ग्लाइक्सनर यांनी रिअल-टाईमचा शेवटचा प्रस्ताव कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टॉर्व्हाल्ड्स यांच्या हाती दिला. नोव्हेंबरच्या ६.१२ आवृत्तीत तो सर्वांपर्यंत पोचला. जुने कन्सोल-ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणण्याचं काम मात्र त्यानंतरही एकेक करून चालू राहिलं, आणि त्या पॅचनाही दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती लागत राहिली.